पुरातत्त्व शिकून करायचं काय, हे सरकारला विचारा

१९७४ साली श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठावरच्या दायमाबादला, झाडाचं मूळ खणून काढताना एका भिल्ल गावकऱ्याला चार कांस्यशिल्पं सापडली. बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळं काम भरीव, ओतीव. चारींचं मिळून वजन साठ किलोच्या वर. भारतीय पुरातत्त्वाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत त्या रथाचं चित्र असतं, आणि चित्राच्या आसपास शिल्पांच्या काळाबद्दल एखादं सावध वाक्यही असतं. दायमाबादला उत्खनन करणाऱ्यांनी ती उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातली, साधारण चार हजार वर्षांपूर्वीची मानली. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून इतर काहींनी ती इतकी जुनी नसावीत अशी शंका घेतली. पन्नास वर्षं उलटली तरी हा वाद पुरता मिटलेला नाही.

तो मिटत नाही, कारण शिल्पं मुळाच्या खड्ड्यातून निघाली. ती कोणत्या थरात होती, शेजारी कोणत्या घाटाचं खापर होतं, वरची जमीन अखंड होती की कुणी नंतर खड्डा घेऊन ती पुरली होती, हे सगळं त्या दिवशी मातीबरोबर उपसलं गेलं. पुढे १९७५ ते १९७९ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या एस. ए. साळींनी तिथं सलग काम करून सावळदा संस्कृतीपासून जोर्वे संस्कृतीपर्यंतचा, म्हणजे इथल्या जुन्या शेतकरी वस्त्यांचा, क्रम लावला. पण शिल्पं त्या क्रमात नेमकी कुठं बसवायची, हे ते तरी छातीठोकपणे कसं सांगणार? गावकऱ्याचा यात काडीचाही दोष नाही. त्याच्यामुळे ती निदान मिळाली. खणण्याचं शास्त्र माहीत असलेला माणूस तिथं असायला हवा होता, तो नव्हता.

असा माणूस तयार करण्याचं काम विद्यापीठांचं. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत एखाद्या घरात मुलगा किंवा मुलगी ‘मला पुरातत्त्व घ्यायचंय’ म्हणते आणि घरात शांतता पसरते. मग काका, मामा, शेजारचे निवृत्त साहेब, सगळ्यांचा एकच प्रश्न: ते शिकून करायचं काय? प्रश्न रास्त आहे, फक्त तो त्या पोराला विचारला जातो. तो विचारायला हवा सरकारला. कारण हे शिकलेल्या माणसाचं काम महाराष्ट्रात रोज कुठं ना कुठं निघतं आणि जेसीबीच्या एका फटक्यात संपतं. काम आहे, ते करून घ्या असं सांगणारा कायदा तेवढा नाही. त्यामुळे पदवी निरुपयोगी दिसते.

आधी हे शिकणं म्हणजे काय ते पाहू. लोकांना वाटतं, पुरातत्त्व म्हणजे जुन्या वस्तू शोधणं. खरं शिक्षण मात्र चराच्या उभ्या भिंतीशी होतं. हिवाळ्यात हंगाम सुरू झाला की विद्यार्थ्याला चौकोनी चर नेमून दिला जातो. हातात खुरपं, ब्रश, मोजपट्टी, वही. बाजूला चाळणी. रोज निघालेली खापरं धुऊन, वाळवून, थरानुसार वेगवेगळ्या ढिगांत मांडायची आणि प्रत्येकावर बारीक अक्षरांत शाईनं क्रमांक घालायचा. पाठ मोडते. पण परीक्षा पुढेच असते. समजा, भिंतीत वरून दीड मीटरवर चोपलेल्या मातीची जमीन दिसते आहे. तिच्या खाली, दोन मीटरवर, एक गाडगं मिळालं. खोल म्हणजे जुनं, असं कुणीही म्हणेल. पण नीट पाहिलं तर त्या जमिनीत एक गोलसर तुटकपणा दिसतो आणि तिथं मातीचा रंग जरासा वेगळा, भुसभुशीत असतो. कुणीतरी काही शतकांनंतर तिथं धान्याचं पेव खणलं होतं, जुनी जमीन कापून. गाडगं त्या पेवाच्या तळाशी पडलेलं. म्हणजे खोल असूनही नवं. ही पेवाची कड दुपारी बाराच्या उन्हात दिसत नाही. सकाळी लवकर, भिंतीवर पाणी शिंपडून, तिरप्या उजेडात पाहावी लागते. ती ज्याला दिसली नाही, त्यानं घेतलेल्या कोळशाच्या नमुन्यावरून निघणारी तारीख प्रयोगशाळेनं कितीही अचूक दिली तरी चुकीचीच.

(यात एक गोष्ट अहवालांमध्ये येत नाही. वर्षानुवर्षं उत्खननावर राबलेल्या गावातल्या मजुरांचे हात एम.ए.च्या पोरांपेक्षा कितीतरी हलके असतात. मातीचा पोत बदलला की ते आधी थांबतात. अनेकांना ही कड पहिल्यांदा दाखवली ती अशाच एखाद्या माणसानं.)

अशा शिक्षणातून काय उभं राहतं, हे पाहायला इजिप्तला जायची गरज नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजची संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरुवात झाली १९३९ साली आणि त्याच वर्षी हसमुख धीरजलाल सांकळिया तिथं रुजू झाले. तोवर महाराष्ट्राचा जुना इतिहास सातवाहनांपाशी सुरू व्हायचा. त्याच्या मागे पुराणकथा आणि अंधार. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिक, जोर्वे, नेवासे इथं खणलं आणि इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातली शेतकऱ्यांची गावं उजेडात आली. नेवासं आपल्याला ज्ञानेश्वरीमुळे माहीत. तिथल्या लाडमोड टेकडीत त्याहून तीनेक हजार वर्षं जुनी वस्ती होती आणि तिच्याही मागे अश्मयुगातली दगडी हत्यारं. ‘जोर्वे’ या संगमनेरजवळच्या खेड्याचं नाव आज एका अख्ख्या संस्कृतीला लागलेलं आहे. जगभरच्या अभ्यासकांना ते ठाऊक असतं आणि संगमनेरच्या स्टँडवर कुणाला विचारलं तर ते गाव दाखवतील, संस्कृती नाही.

मग इनामगाव. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी आणि विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांनी १९६८ ते १९८३ दरम्यान बारा हंगाम तिथं काम केलं. एखादा चर मारून निघून यायचं नाही, गावच्या गाव उघडं करायचं, हा त्यामागचा विचार. शंभराहून जास्त घरं मिळाली. पाण्याचा पाट मिळाला, बांध मिळाला, धान्याचं कोठार मिळालं. लहान मुलं दगावली की त्यांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडत. आणि एका घरात चार पायांचा, कच्च्या मातीचा, पोट सुटलेला मोठा रांजण निघाला. त्यात बसवलेला एक प्रौढ पुरुष, पाय शाबूत. सगळ्यांचे पाय तोडलेले आणि याचेच का नाहीत? हा गावचा प्रमुख असावा, आणि प्रमुख होता म्हणजे समाजात उतरंड होती, पाटाचं पाणी आणि कोठारातलं धान्य कुणाच्या तरी हुकमानं वाटलं जात असणार, असा तर्क त्यातून उभा राहिला. तो तपासायला हाडांचा तज्ज्ञ लागतो, जळक्या बियांवरून पीक ओळखणारा लागतो, जनावरांची हाडं निवडणारा लागतो. विद्यापीठासारख्या जागीच ही माणसं एका छपराखाली मिळतात. ठेकेदाराकडून हे काम होत नाही आणि नुसत्या हौशीनंही होत नाही.

हौशी लोकांबद्दल मात्र आदरानंच बोललं पाहिजे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवरची, कातळशिल्पं आज जगाला ठाऊक आहेत, त्याचं मोठं श्रेय सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या साथीदारांना आहे. त्यांनी सडे पालथे घातले, गुराख्यांशी बोलले, गावोगावच्या ‘पांडवांच्या चित्रां’चा माग काढला. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत नऊ ठिकाणं गेली: रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ. विद्यापीठांनी करायचं काम नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या माणसांनी केलं. ही विद्यापीठांसाठी शरमेची बाब आहे. पण पुढचा प्रश्न हौसेनं सुटणारा नाही. उघड्या जांभ्यावर थर नसतात. मग या चित्रांचा काळ ठरवायचा कसा? त्यासाठी आसपासच्या गुहा खणायला हव्यात, तिथली हत्यारं तपासायला हवीत, कातळाची झीज मोजायला हवी. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत तसं काम झालं, दगडी हत्यारं मिळाली. अशी दहा-वीस ठिकाणं एकाच वेळी हाती घ्यायची तर माणसं कुठून आणणार?

किल्ल्यांवर जे चाललंय ते जास्त काळजीचं आहे. २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. आनंदच आहे. पण दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर तरुणांची एखादी टोळी टाक्यातला गाळ उपसत असते. घमेली हातोहात जातात, घोषणा होतात, संध्याकाळी स्वच्छ टाक्याचा फोटो निघतो. टाक्याच्या कडेला टाकलेल्या त्या गाळाच्या ढिगापाशी कधी जरा वाकून पाहा. निळी नक्षी असलेला चिनी मातीच्या वाटीचा तुकडा, चिलमीचं तोंड, बांगडीची काच, एखादं गंजलेलं टोक. दोनतीनशे वर्षं एकावर एक साचलेला, कुणीही न हलवलेला तो गाळ म्हणजे गडावर काय खाल्लं-प्यालं जात होतं, माल कुठून येत होता, गड केव्हा ओस पडला याचा क्रमवार पुरावा होता. एका दुपारीत त्याचं मातेरं झालं. पोरांचं प्रेम खरं आहे. त्यांना कुणी हे शिकवलेलंच नाही. आपल्याकडे बारावीपर्यंत इतिहास शिकलेल्या मुलाला थर हा शब्द केकच्या संदर्भात जास्त माहीत असतो.

आता नोकऱ्यांचं. पुरातत्त्वात एम.ए. झालेल्यापुढे वाटा ठरलेल्या आहेत. नेट काढून प्राध्यापक होणं, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परीक्षा, राज्याचं पुरातत्त्व संचालनालय, वस्तुसंग्रहालयं. या चारही दारांत जागा मोजक्या आणि भरती लांबणीवर. २०१३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कारभाराचा अहवाल मांडला. तपासलेल्या १,६५५ संरक्षित स्मारकांपैकी ९२ जागेवर सापडलीच नाहीत. संरक्षित म्हणजे कायद्यानं ज्यांना हात लावायचा नाही, अशी. रिकामी पदं आणि वर्षानुवर्षं न लिहिले गेलेले उत्खननाचे अहवाल यांवरही त्यात ताशेरे होते. सांभाळायच्या इमारती हरवत असतील तर जमिनीखाली जे अजून कुणी पाहिलंच नाही, त्याची काय कथा?

कायद्याची रचनाच अशी आहे. १९५८ चा केंद्राचा कायदा आणि १९६० चा महाराष्ट्राचा, दोन्ही यादीतल्या वास्तूंना संरक्षण देतात. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र-संरक्षित स्मारकाच्या भोवती शंभर मीटर बांधकामबंदी, पुढचे दोनशे मीटर नियंत्रित. त्या तीनशे मीटरच्या पलीकडे? पर्यावरण मंजुरीच्या अर्जात सांस्कृतिक मूल्याचा एक रकाना आहे, पण तिथंही विचारलं जातं ते कायद्यानं आधीच संरक्षित असलेल्या जागांबद्दल. ज्याचा शोधच लागलेला नाही, ते यादीत कुठून असणार? म्हणजे जुनी वस्ती वाचवायची तर ती आधी कुणाला तरी सापडायला हवी, आणि शोधायला कुणी जावं अशी सक्ती कुठंच नाही.

जुन्या वस्त्यांचा पत्ता लागणं तसं अवघड नाही. मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे, विदर्भात गावोगावी पांढरीची टेकाडं आहेत. माणसांच्या शेकडो वर्षांच्या राखेनं, शेणामातीनं, भिंतींच्या पडझडीनं तयार झालेली. लोक धाब्याला आणि भिंती सारवायला तिथली माती नेत आले. बैलगाडीच्या काळात टेकाड झिजायला पिढ्या लागायच्या, आता ट्रॅक्टर-ट्रॉलीनं एका उन्हाळ्यात सपाट होतं. महसुलाच्या दप्तरात ओसाड, बेचिराख गावांची नोंद आहे. तेर, भोकरदन, पैठणसारख्या ठिकाणी तर नांगराच्या फाळाला सातवाहनकाळ लागतो. तेर आणि भोकरदनला मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तींचं जवळचं नातं इटलीत पॉम्पेईला सापडलेल्या मूर्तीशी लावलं जातं. व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे ती मूर्ती त्याआधी रोमन घरात पोचलेली होती. मराठवाड्यातल्या एखाद्या कारागिराचा माल पॉम्पेईच्या दिवाणखान्यात, ही शक्यता हातात धरून पुढचं काम करायला किती तरुण हवेत!

बाहेरच्या देशांनी हा गुंता सोडवलेला आहे. १९८९ मध्ये लंडनला एका इमारतीच्या पायात शेक्सपिअरच्या काळातल्या रोझ नाट्यगृहाचे अवशेष निघाले आणि मोठा गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी सरकारनं नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वं आणली: बांधकामाची परवानगी हवी तर जमिनीत काय आहे ते आधी तपासा, आणि खर्च बांधणाऱ्याचा. युरोपातल्या देशांनी १९९२ मध्ये व्हॅलेटा इथं याच धर्तीचा करार केला, फ्रान्सनं तर या कामासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था काढली. पुरातत्त्वज्ञाला काम देणारा एक अख्खा व्यवसाय यातून जन्मला. लंडनच्या क्रॉसरेल रेल्वेमार्गावर लिव्हरपूल स्ट्रीटला तीन हजारांवर सांगाडे शास्त्रशुद्ध पद्धतीनं काढले गेले आणि रेल्वेही धावली. तिथं सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. एकीकडे सरकार पुरातत्त्वज्ञांची गणना टंचाई असलेल्या व्यवसायांत करत होतं आणि दुसरीकडे शेफील्ड विद्यापीठानं २०२१ मध्ये आपला नावाजलेला पुरातत्त्व विभाग बंद करायचं ठरवलं. हिशेबाच्या तक्त्यात विद्या मोजायला बसलं की असं होतं, देश कुठलाही असो.

आपल्याकडे याला पहिला आक्षेप ठरलेला: विकास रखडेल. यात तथ्य नाही असं म्हणणं अप्रामाणिक होईल. इस्तंबूलला मार्मारे रेल्वेच्या येनिकापी स्थानकाच्या जागी बायझंटाइन बंदर निघालं, सदतीस जहाजं निघाली आणि प्रकल्प काही वर्षं लांबला. तिथले राज्यकर्ते जाहीरपणे वैतागले. पण असं केव्हा होतं? खणायला लागल्यावर शोध लागला की. मार्ग कागदावर असतानाच चार माणसं तो पायी चालून गेली, जुने नकाशे पाहिले, दोन-चार चाचणीचे खड्डे घेतले, तर बऱ्याच ठिकाणी रस्ता शंभर मीटर सरकवून भागतं. पुण्यात मेट्रोच्या कामात स्वारगेटला जुना भुयारी मार्ग लागला, मंडईत मोठ्या प्राण्याची हाडं निघाली. दोन्ही वेळा यंत्र आधी पोचलं आणि तज्ज्ञांना नंतर निरोप गेला. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नागपुरातून, म्हणजे महापाषाणयुगीन शिळावर्तुळांच्या (प्राचीन दफनांभोवती रचलेल्या मोठ्या दगडांच्या कड्यांच्या) प्रदेशातून निघतो आणि जालना-संभाजीनगरच्या सातवाहन पट्ट्यातून नाशिककडे जातो. अशा मार्गाची पुरातत्त्वीय पाहणी झाल्याशिवाय कुदळ मारता येणार नाही, असं म्हणणारा कायदा असता तर पुरातत्त्वाच्या किती तुकड्यांना दोन-तीन वर्षं काम पुरलं असतं, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आणि आपल्याला हे जमत नाही असंही नाही. नागार्जुनसागर धरणाच्या वेळी पन्नासच्या दशकात मोठं बचाव-उत्खनन झालं, वास्तू हलवल्या गेल्या. गोव्यात साळावली धरणात जाणारं कुर्डीचं महादेव मंदिर पुरातत्त्व सर्वेक्षणानं दगड न् दगड सोडवून दुसरीकडे उभं केलं. उजनीच्या पोटात गेलेल्या पळसदेवच्या देवळाच्या नशिबी ते नव्हतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की शिखर वर येतं, होड्या लागतात, सेल्फी निघतात. एका ठिकाणी झालं आणि एका ठिकाणी नाही, कारण ते कुणाच्या तरी इच्छेवर सोडलेलं होतं.

दुसरा आक्षेप जरा दबक्या आवाजात येतो: आधीच इतिहासावरून इतकी भांडणं, त्यात हे आणखी कशाला? मला उलट वाटतं. हरियाणातल्या राखीगढीच्या उत्खननातून डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हडप्पा काळातल्या प्राचीन डीएनएवर निबंध प्रसिद्ध केला. साठहून अधिक नमुन्यांपैकी एकाच, एका स्त्रीच्या सांगाड्यातून उपयोगी पडेल इतका डीएनए मिळाला होता. निबंधाची भाषा जपून वापरलेली. त्या रात्री टीव्हीवर मात्र आर्य बाहेरून आले की इथलेच, हा प्रश्न कायमचा निकालात निघाला, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी! तमिळनाडूत कीळडीला उत्खननात निघालेल्या वस्तीच्या काळावरून केंद्र आणि राज्य यांच्यात जे चाललंय तेही असंच. अशा वेळी ‘नमुने किती, कुठल्या थरातले, दुसऱ्या कुणाला हेच मिळालं का’ असं विचारणारे चार लोक प्रत्येक तालुक्यात असते तर बरं झालं असतं. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखाचा दाखला सगळ्यांनी दिला. तो ब्राह्मीतला लेख उभ्या उभ्या वाचू शकणारी माणसं राज्यात किती उरली, हे कुणी विचारलं नाही.

विद्यापीठांनाही मोकळं सोडून चालणार नाही. नागपूर विद्यापीठानं साठच्या दशकात पवनार, टाकळघाट-खापा, पवनी इथं उत्खननं केली, त्यातून विदर्भाच्या इतिहासाची फेरमांडणी झाली. त्या तोडीचं काम आज किती विभाग करतात? अनेक ठिकाणी ‘प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व’ एवढं लांब नाव असतं आणि आत राजांच्या वंशावळ्या, मूर्तींची लक्षणं आणि वर्षाकाठी वेरूळची सहल. विद्यार्थी चर न पाहता पुरातत्त्वात उत्तीर्ण होतो. शिवाय हा विषय बहुतेक ठिकाणी एम.ए.लाच भेटतो. वाणिज्य, अभियांत्रिकी, मराठी असं काहीही शिकून आलेल्या मुलानं दोन वर्षांत भूविज्ञान, रसायन, प्राकृत, लिपी, नकाशाशास्त्र आणि खापरं पचवायची. हे अशक्य आहे. पदवीच्या पहिल्या वर्षापासून, विज्ञान शाखेच्या मुलांनाही खुला असा अभ्यासक्रम हवा. मुंबईत साठ्ये किंवा सेंट झेवियर्ससारख्या महाविद्यालयांनी प्राचीन भारतीय संस्कृतीचे विभाग टिकवून धरलेत, तिथून सुरुवात होऊ शकते. नव्या शैक्षणिक धोरणात भारतीय ज्ञान प्रणालीसाठी श्रेयांक ठेवलेत. ते श्रेयांक गौरवाची व्याख्यानं ऐकण्यात घालवण्यापेक्षा एखादं पांढरीचं टेकाड मोजण्यात घालवले तर निदान तालुक्याची यादी तयार होईल.

मागणी काही फार मोठी नाही. राज्यात छत्तीस जिल्हे आहेत. प्रत्येक जिल्ह्यात एक पूर्णवेळ पुरातत्त्व अधिकारी आणि त्याच्या हाताखाली दोन पदवीधर, नियोजन विभागाला जोडलेले. त्यांचं पहिलं काम म्हणजे जुन्या वस्त्यांची गावनिहाय नोंद. ती नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत यावी, म्हणजे जमीन विकताना आणि बिगरशेती करताना ती दिसेल. शेतकऱ्याची जमीन अडकता कामा नये, हेही कायद्यात स्पष्ट हवं. नाहीतर लोक खापर दिसलं की रातोरात नांगर फिरवतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. तपासणीचा खर्च मोठ्या प्रकल्पानं उचलावा, घर बांधणाऱ्या माणसानं नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांना खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. घरचा थोडा तरी टेकू असेल तर या, आणि येताना उपग्रहचित्रं वाचणं, जीआयएस (संगणकावरचं नकाशाकाम), ड्रोननं मोजणी, हाडं किंवा परागकण यांपैकी एक हत्यार पक्कं करून घ्या. पुरातत्त्वात जागा निघाली नाही तरी त्यावर पाणलोटाच्या, नगररचनेच्या, वारसा-संवर्धनाच्या कामात पोट भरता येतं. मोडी आणि ब्राह्मी दोन्ही शिका. आणि प्रवेश घेण्याआधी विभागप्रमुखांना एवढंच विचारा, की गेल्या तीन वर्षांत तुमचे विद्यार्थी कुठल्या चरात उतरले होते आणि त्याचा अहवाल छापला गेला का. उत्तर द्यायला वेळ लागला तर दुसरं विद्यापीठ बघा.